खरं सांगा, नाहीतर भोगा: एका गावाने मत देऊन बदललेल्या नावाचं प्रकरण

लास क्रूसेस मागे टाकून इंटरस्टेट २५ ने उत्तरेला निघालं की तासाभराने एक हिरवी पाटी येते. उजव्या हाताला रिओ ग्रांडेची हिरवी पट्टी, बाकी सगळीकडे करडी झुडपं आणि दगड. आई मागच्या सीटवर होती. तिला रस्त्यावरची प्रत्येक पाटी मोठ्याने वाचायची सवय. ही पाटी तिने दोनदा वाचली आणि विचारलं, "अरे, हे गावाचं नाव आहे की ताकीद?"

ट्रुथ ऑर कॉन्सिक्वेन्सेस, न्यू मेक्सिको. सिएरा काउंटीचं मुख्य ठिकाण, २०२० च्या जनगणनेत ६,०५२ माणसं. शब्दशः घ्यायचं तर 'सत्य किंवा परिणाम'. पण त्यात काही जीव नाही. आईने गाडीतच केलेला अनुवाद जास्त जमला होता: "म्हणजे खरं सांगा, नाहीतर भोगा!"

या नावाची गोष्ट सहसा दोन वाक्यांत सांगितली जाते. १९५० साली एका रेडिओ कार्यक्रमाने जाहीर केलं, की जे गाव आमचं नाव घेईल तिथून आम्ही कार्यक्रम करू. या गावाने ते घेतलं. ऐकणारा हसतो, "काय एकेक अमेरिकन!" म्हणतो आणि विषय संपतो. मीही बरीच वर्षं एवढ्यावरच थांबलो होतो. पुढे तारखा आणि मतांचे आकडे एकाखाली एक मांडून पाहिले, तेव्हा लक्षात आलं की हे गाव खुळं नव्हतं. त्यांनी हिशेब केला होता. त्यातले काही आकडे चुकले, ती गोष्ट वेगळी.

गरम पाणी आणि सामाईक नाव

गावाच्या पोटात गरम पाणी आहे. साधारण ३७ ते ४६ अंश सेल्सिअस, म्हणजे अंगाला सोसेल असं. आपल्या वज्रेश्वरीला येतो तसा गंधकाचा वास याला येत नाही. इथल्या मूळच्या अपाची लोकांना हे झरे ठाऊक होते. त्यांचा लढवय्या पुढारी जेरोनिमो इथे अंग शेकायला यायचा अशी दंतकथा गाव आजही आवडीने सांगतं आणि एका झऱ्याला त्याचं नावही आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इथे 'जॉन क्रॉस' नावाचा गुरांचा रँच होता. त्याच्या काळात झऱ्यावर पहिलं स्नानगृह उभं राहिलं. वस्तीला नाव पडलं पालोमास हॉट स्प्रिंग्स. पालोमास म्हणजे स्पॅनिशमध्ये कबुतरं, पारवे.

गाव खरं वाढलं ते धरणामुळे. १९११ ते १९१६ या काळात जवळच रिओ ग्रांडेवर एलिफंट ब्यूट धरण बांधलं गेलं. खालच्या खोऱ्यातली शेती भिजवायची आणि १९०६ च्या करारानुसार मेक्सिकोला दरवर्षी ठरलेलं पाणी सोडायचं, यासाठी. मजूर आले, त्यांच्यामागे खानावळी, दारूचे गुत्ते आणि दुकानं आली. टपाल कार्यालयाच्या निमित्ताने १९१४ च्या सुमारास नावातले 'पालोमास' गळाले आणि नुसतं 'हॉट स्प्रिंग्स' उरलं. १९१६ मध्ये त्याच नावाने नगरपालिका झाली. म्हणजे कबुतरं उडाली ती एकदम कायमची.

इथे थांबून एक गोष्ट मनात ठेवावी लागते, कारण पुढच्या सगळ्या वादात ती कोणी बोलत नाही. १९५० साली ज्या 'जुन्या' नावासाठी लोक हळहळले, ते जेमतेम छत्तीस वर्षांचं होतं. आणि तेही अर्धवट कापलेलं.

शिवाय ते एकट्याचं नव्हतं. हॉट स्प्रिंग्स म्हणजे गरम पाण्याचे झरे. जिथे झरे तिथे ते नाव. आर्कान्सामधलं हॉट स्प्रिंग्स तर इतकं जुनं आणि नावाजलेलं, की तिथली कुंडं केंद्र सरकारने १८३२ मध्येच राखीव केली होती. त्याशिवाय साउथ डकोटात एक, व्हर्जिनियात एक, नॉर्थ कॅरोलिनात एक, माँटॅनात एक. आई दापोलीकडची. तिला हे समजवावं लागलं नाही. ती म्हणाली, "आमच्याकडे नाही का, दापोलीला उन्हवरे, राजापूरला उन्हाळे, पालीला उन्हेरे. पाणी ऊन, म्हणून गाव उन्हवरे." फरक इतकाच की कोकणात प्रत्येक ठिकाणच्या जिभेने शब्दाला थोडा वेगळा वळसा दिला, म्हणून गावं एकमेकांत मिसळली नाहीत. अमेरिकेत टपाल खात्याच्या छापील नावाने तो वळसा द्यायची सोय ठेवली नाही. कोणी "हॉट स्प्रिंग्सला जाऊन आलो" म्हटलं, की समोरच्याच्या डोळ्यांपुढे आर्कान्साच उभं राहणार.

तरीही १९२० आणि ३० च्या दशकांत या गावाचं बरं चाललं होतं. संधिवात, पाठदुखी, लकवा यांनी गांजलेली माणसं येत, स्नानगृहाला लागून असलेल्या खोल्यांत आठवडे काढत. १९३७ मध्ये गव्हर्नर क्लाइड टिंगली यांनी पोलिओ झालेल्या मुलांसाठी इथे मोठं रुग्णालय उभारलं आणि त्याला पत्नी कॅरी टिंगली यांचं नाव दिलं. नमुना होता जॉर्जियातलं वॉर्म स्प्रिंग्स, जिथे रूझवेल्ट स्वतः उपचारासाठी जात. गरम पाण्याने बरं वाटतं ही समजूत तेव्हा केवळ आजीबाईच्या बटव्यातली नव्हती, तिच्यामागे राष्ट्राध्यक्ष उभे होते.

महायुद्धानंतर वारं फिरलं. दुखण्यावर कुंडात जाऊन बसण्यापेक्षा गोळी घेणं सोपं झालं. मोटार हातात आली, तशी माणसं एका जागी महिनाभर मुक्काम करण्याऐवजी हिंडायला लागली. अशा वेळी गावाकडे विकायला काय होतं? पाणी चांगलं, पण नाव दहा ठिकाणी वाटलेलं. राज्याच्या कोपऱ्यातलं ठिकाण. जाहिरातीला पैसा नाही.

रेडिओवरचा खेळ

राल्फ एडवर्ड्स कोलोरॅडोतल्या मेरिनो गावाजवळच्या शेतावर वाढले. घरी बसून खेळायचा एक जुना खेळ त्यांना लहानपणापासून माहीत होता: प्रश्न विचारायचा, खरं उत्तर आलं नाही तर शिक्षा. आपल्याकडे भेंड्यांत हरलेल्याला "आता नाचून दाखव" म्हणतात, त्यातलाच प्रकार. मार्च १९४० मध्ये त्यांनी तो रेडिओवर आणला. प्रश्न मुद्दाम कोड्यातले, वेळ टिचभर, आणि उत्तर चुकलं की एक कर्कश भोंगा वाजे. त्या भोंग्याला नाव होतं, 'ब्यूला'. मग स्पर्धकाला काहीतरी अचाट करावं लागे. लोकांना बरोबर उत्तरापेक्षा शिक्षाच ऐकायची असे, आणि स्पर्धकांनाही बहुधा शिक्षाच हवी असे.

हा कार्यक्रम श्रोत्यांकडून काय करवून घेऊ शकतो, याची दोन उदाहरणं गावाच्या निर्णयाशी थेट जोडलेली आहेत असं मला वाटतं. १९४३ मध्ये न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवरच्या एका बाईंना शिक्षा म्हणून सांगितलं गेलं, की श्रोते तुम्हाला एकेक पेनी पाठवतील, त्या मोजा. त्या पैशांतून सैन्यातल्या मुलासाठी युद्धरोखे घ्या. टपालाने तीन लाखांच्या वर नाणी आली. आणि १९४८ मध्ये 'वॉकिंग मॅन' ही स्पर्धा झाली: फक्त पावलांचा आवाज आणि काही ओळींची कोडी, त्यावरून माणूस ओळखायचा. तो निघाला विनोदी नट जॅक बेनी. भाग घेणाऱ्यांनी सोबत देणगी पाठवायची होती, त्यातून अमेरिकन हार्ट असोसिएशनला पंधरा लाख डॉलरच्या आसपास मिळाले.

हे ज्यांनी घरबसल्या ऐकलं होतं, त्यांना एडवर्ड्सच्या आवाजाची ताकद समजावून सांगावी लागत नव्हती. हा माणूस बोलला तर देश ऐकतो, इतकंच नाही, उठून टपालपेटीपर्यंत जातो. आपल्या दुकानाची जाहिरात अशा माणसाने केली तर?

दहावा वर्धापनदिन जवळ आला, तेव्हा एडवर्ड्सनी घोषणा केली: देशातल्या ज्या गावाला आमच्यावर एवढं प्रेम असेल की ते कार्यक्रमाचं नाव घेईल, तिथून वर्धापनदिनाचा खेळ थेट प्रसारित करू. अट होती पहिलं येण्याची. एडवर्ड्सची बाजूही पाहण्यासारखी आहे. १९५० म्हणजे दूरचित्रवाणी दारात उभी होती; त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये हा कार्यक्रम पडद्यावर गेला. रेडिओवरच्या दहा वर्षांची सांगता वाजवून व्हावी, हे साहजिक होतं. पण त्या बदल्यात त्यांना जे मिळणार होतं ते त्यांनी कितपत मोजलं असेल, कोण जाणे: एका राज्याच्या प्रत्येक नकाशावर, महामार्गाच्या प्रत्येक पाटीवर, टपालाच्या प्रत्येक शिक्क्यावर कार्यक्रमाचं नाव, फुकट आणि कायमचं.

३१ मार्च १९५०

न्यू मेक्सिकोच्या पर्यटन खात्याच्या कानावर ही घोषणा गेली आणि त्यांनी ती हॉट स्प्रिंग्सच्या व्यापारी मंडळाला कळवली. मला या प्रकरणातली ही पायरी सगळ्यात बोलकी वाटते. कल्पना चौकातल्या गप्पांतून वर आली नाही. ती पर्यटनाची खिडकी सांभाळणाऱ्यांकडून दुकानदारांकडे गेली. मुळात हा व्यवहार होता, आणि तो व्यवहाराच्या वाटेनेच आला.

पण ठरवलं मात्र लोकांनी. शुक्रवार, ३१ मार्च १९५० रोजी खास निवडणूक झाली. बाजूने १,२९४ मतं, विरोधात २९५. शंभरातल्या एक्याऐंशी जणांनी 'बदला' म्हटलं. दुसऱ्या दिवशी, शनिवारी रात्री, एडवर्ड्सनी गावातून कार्यक्रम थेट प्रसारित केला. तारीख होती १ एप्रिल. अमेरिकेत त्या दिवसाला काय म्हणतात हे सांगायला नको. किती श्रोत्यांनी ही थट्टा समजून सोडून दिली असेल, याचा विचार करून मला अजूनही हसू येतं.

मतदान शुक्रवारी आणि कार्यक्रम शनिवारी, या क्रमाकडे पुन्हा पाहा. निकाल उलटा लागला असता तर? म्हणजे वर्धापनदिनाची सगळी तयारी एका रात्रीच्या मतमोजणीवर टांगलेली होती. पहिलं येण्याच्या अटीमुळे घाई आली आणि घाईमुळे गावाला फार काथ्याकूट करायला वेळ मिळाला नाही. नाव बदलायला गावं एरवी वर्षानुवर्षं घेतात. समित्या बसतात, पत्रकं निघतात, दोन पिढ्या भांडतात. इथे भांडण नंतर झालं.

२९५ जणांचं काय झालं

ते गप्प बसले नाहीत. २०६ रहिवाशांनी रीतसर हरकत नोंदवली आणि गावाला पुन्हा मतदान घ्यावं लागलं. या वेळीही नवं नाव जिंकलं, चारास एक अशा फरकाने. विषय तरी संपला नाही. जानेवारी १९६४ मध्ये तिसऱ्यांदा मतदान झालं, नाव टिकलं. ऑगस्ट १९६७ मध्ये चौथ्यांदा, पुन्हा टिकलं. म्हणजे सतरा वर्षांत चार वेळा एकच प्रश्न पेटीत गेला.

दोन वाक्यांच्या गोष्टीत ही चार मतदानं येत नाहीत, आणि माझ्या मते प्रकरणाचं मर्म तिथेच आहे. पहिलं मतदान उत्साहात झालं असं म्हणता येईल. रेडिओ, पाहुणे, देशभर नाव जाणार, शनिवारची रात्र. पण १९६४ मध्ये तो उत्साह कुठे होता? रेडिओवरचा कार्यक्रम बंद पडून बरीच वर्षं झाली होती. टीव्हीवर तो बॉब बार्कर चालवत होता. एप्रिल फूलची गंमत शिळी झाली होती. त्या थंड डोक्याने लोकांनी पुन्हा तेच नाव निवडलं. फसवलेलं गाव संधी मिळताच नाव फेकून देतं. या गावाला अशा संधी तीनदा मिळाल्या.

विरोधकांची बाजू मात्र हलकी समजू नये. आपल्या गावाचं नाव बाहेरच्या माणसाच्या खेळावरून पडावं, मुलांनी शाळेच्या दाखल्यावर ते लिहावं, मरणाच्या नोंदीतही तेच यावं, हे कोणाला टोचलं तर त्यात नवल नाही. गावाने नाव ठेवलं, म्हणून आयुष्यभर लोकांनी गावाला नावं ठेवली, असं त्यांना वाटलं असेल. बाहेरचा प्रत्येक जण नाव ऐकून हसतो, आणि हे हसू रोज सोसायचं काम त्या २९५ जणांनाही करावं लागलं. फक्त त्यांच्याकडे दुसरं नाव नव्हतं. होतं ते दहा ठिकाणी वाटलेलं. "आम्हाला हे नको" एवढ्याने मतदान जिंकता येत नाही, "आम्हाला हे हवं" असंही काही लागतं. 'पालोमास' परत आणू या, असा झेंडा कोणी उंचावला असता तर चुरस झाली असती, असं मला राहून राहून वाटतं.

माणूस परत येत राहिला

नाव टिकण्याचं आणखी एक कारण स्वतः एडवर्ड्स. अशा व्यवहारांत नाव देणारा एकदा येतो, फोटो काढतो आणि जातो. एडवर्ड्स परत आले. दुसऱ्या वर्षी आले, तिसऱ्या वर्षी आले, आणि जवळजवळ पन्नास वर्षं येत राहिले. मे महिन्याच्या पहिल्या शनिवार-रविवारी गावात फिएस्टा भरते. मिरवणूक, नाच, घोडे, खाणंपिणं. एडवर्ड्स हॉलिवूडमधले ओळखीचे लोक सोबत घेऊन यायचे आणि मिरवणुकीत सामील व्हायचे. गावाने नदीकाठच्या बागेला त्यांचं नाव दिलं. गावच्या जेरोनिमो स्प्रिंग्स संग्रहालयात इथल्या प्राचीन मिंब्रेस लोकांच्या मडक्यांच्या शेजारी त्यांच्यासाठी एक अख्खी खोली आहे. २००५ च्या नोव्हेंबरमध्ये ते गेले, वयाच्या ९२ व्या वर्षी. फिएस्टा अजून भरते.

हे कौतुक म्हणून सांगत नाही, हिशेबाचा भाग म्हणून सांगतो. गावाला कराराने मिळालं होतं एका रात्रीचं प्रसारण. एवढ्यावर सौदा संपला असता तर १९६४ चं मतदान कसं गेलं असतं, सांगता येत नाही. दर मे महिन्यात तो माणूस रस्त्यावर दिसायचा, हात हलवायचा, लहान मुलांना ओळखीचा व्हायचा. कार्यक्रमाचं नाव हळूहळू ओळखीच्या माणसाचं नाव झालं.

मिळालं काय

आता चुकलेले आकडे. नाव बदलताना अपेक्षा होती भरभराटीची. १९५० च्या जनगणनेत गावात ४,५६३ माणसं होती. दहा वर्षांनी, १९६० मध्ये, ४,२६९. देशभर डंका वाजूनही पहिल्या दशकात वस्ती घटली. पुढे ती हळूहळू चढली, २००० मध्ये ७,२८९ वर गेली आणि पुन्हा उतरली. हा चढउतार नावाने घडवला असं म्हणण्यात अर्थ नाही; त्यामागे स्वस्त जागा शोधणारी निवृत्त माणसं होती, धरणाच्या जलाशयावर होड्या चालवायला येणारे हौशी होते, आणि काम शोधत बाहेर गेलेली तरुण मुलं होती. नावाने प्रसिद्धी दिली, पोट भरायची सोय केली नाही. कॅरी टिंगली रुग्णालय १९८१ मध्ये अल्बुकर्कीला हललं. ती देखणी इमारत नंतर माजी सैनिकांच्या निवासाला मिळाली. कितीही मजेदार नाव असलं तरी ते रुग्णालय थांबवू शकलं नाही.

प्रसिद्धी मात्र चोख मिळाली. आज हॉट स्प्रिंग्स, न्यू मेक्सिको असं नाव असतं तर आईने पाटी एकदाच वाचली असती आणि आम्ही पुढे गेलो असतो. आम्ही वळलो. एक्झिट ७९ ने आत शिरलो ते निव्वळ नावासाठी, आणि मुक्काम केला तो पाण्यासाठी.

जुन्या भागात १९२०-३० च्या काळातली स्नानगृहं अजून चालू आहेत. तो सगळा भाग २००५ पासून राष्ट्रीय ऐतिहासिक नोंदीत आहे. आम्ही गेलो त्या ठिकाणी बाहेरून एखादं जुनं मोटेल वाटावं अशी बैठी इमारत होती. आत एकेका खोलीत एकेक हौद. तळाला फरशी नाही, नुसती खडी. तिच्यातूनच पाणी वर येतं. पाय टेकवले की तळव्याखाली बारीक बुडबुडे फुटल्यासारखं वाटतं आणि खड्यांमधून मधूनच एखादी जास्त ऊन धार लागते. आई पदर खोचून काठावर बसली, आधी नुसते पाय सोडले, मग गुडघ्यापर्यंत उतरली. पंधरा मिनिटं काही बोलली नाही. तिच्या बाबतीत हे फारच होतं. बाहेर आलो तर नदीपलीकडे टर्टलबॅक डोंगर. नावाप्रमाणे खरंच माथ्यावर कासव बसल्यासारखं दिसतं. "नाव कसलंही ठेवा," ती टॉवेल गुंडाळत म्हणाली, "पाणी बदललं नाही ना."

इतर गावांनी केलं तेव्हा

या प्रकरणाशेजारी दुसरी दोन ठेवली की फरक दिसतो. ऑरेगनमधलं हाफवे हे साडेतीनशे वस्तीचं गाव. १९९९ च्या अखेरीस एका नव्या इंटरनेट कंपनीने सुचवलं, की वर्षभर स्वतःला 'हाफ डॉट कॉम' म्हणवून घ्या. बदल्यात रोख पैसे, शाळेसाठी संगणक वगैरे. गावाने तसं जाहीर केलं, पण कायद्याने नाव बदललं नाही. २००० मध्येच ती कंपनी ईबेने तीस कोटी डॉलरहून जास्त किमतीला विकत घेतली. २०१७ मध्ये तिचं संकेतस्थळ बंद झालं. हाफवे हाफवेच आहे. गावाने नाव विकलं नाही, भाड्याने दिलं, आणि मुदत संपल्यावर परत घेतलं. शहाणपणाचं म्हणावं लागेल.

टेक्सासमधल्या क्लार्क या सव्वाशे माणसांच्या गावाने २००५ मध्ये उपग्रह टीव्ही कंपनीचं नाव घेतलं: 'डिश'. तेही सगळी अक्षरं मोठी. बदल्यात घरटी दहा वर्षं टीव्ही फुकट. दहा वर्षं केव्हाच संपली, नाव राहिलं. क्लार्क हे नाव तर पाच-सहा वर्षांचंच होतं. तिथे गमावण्यासारखं काही फारसं नव्हतं, आणि मिळण्यासारखंही घरापुरतंच होतं.

ट्रुथ ऑर कॉन्सिक्वेन्सेसला रोख काही मिळालं नाही, फुकट टीव्हीही नाही. मिळालं एक प्रसारण आणि एक माणूस. त्यातलं प्रसारण एका रात्रीत विरलं.

आणि एक गंमत: नाव देणारा कार्यक्रम आता नाही, त्यामुळे नावाला मालकच उरला नाही. 'डिश' उच्चारलं की अजून एक कंपनी आठवते. इथे मात्र बहुतेकांना काहीच आठवत नाही. उरतं ते फक्त एक विचित्र, जरा तत्त्वज्ञानाकडे झुकणारं वाक्य. नव्याने येणाऱ्याला वाटतं, सोन्याच्या खाणीच्या काळात कुठल्या तरी कडक न्यायाधीशाने हे नाव ठेवलं असावं. जाहिरातीला इतकं गंभीर म्हातारपण क्वचितच लाभतं.

पुन्हा एकदा मतपेटी

एप्रिल २००८ मध्ये सिएरा काउंटीच्या मतदारांनी आणखी एका स्वप्नावर शिक्का मारला. गावापासून पन्नासेक किलोमीटरवर वाळवंटात 'स्पेसपोर्ट अमेरिका' हे अवकाशयानांचं तळ उभं राहायचं होतं. त्यासाठी स्वतःवर विक्रीकराचा थोडा जादा भार घ्यायला त्यांनी मान्यता दिली. ११ जुलै २०२१ रोजी ब्रिटिश उद्योगपती रिचर्ड ब्रॅन्सन तिथून अवकाशाच्या कडेपर्यंत जाऊन आले. गुंटूर जिल्ह्यात जन्मलेल्या शिरीषा बांदला त्याच यानात होत्या, म्हणून आपल्या वर्तमानपत्रांनीही ती बातमी पहिल्या पानावर घेतली. बातमीत ठिकाण होतं 'न्यू मेक्सिकोचं वाळवंट'. जवळच्या गावाचं नाव आलं असतं तर मथळ्यात दुसरं काही मावलंच नसतं.

कारण लांबी हीच या नावाची रोजची अडचण, आणि गावाने ती केव्हाच सोडवली आहे. दुकानांच्या पाट्या, बोलण्यातलं, फोनवरचं, सगळीकडे 'टी ऑर सी'. पूर्ण नाव महामार्गावर, टपालावर आणि सरकारी कागदांवर. पालोमास हॉट स्प्रिंग्सचं एकदा हॉट स्प्रिंग्स झालं होतं, तशीच ही दुसरी काटछाट, फक्त या वेळी टपाल खात्याने नाही, लोकांच्या जिभेने केली.

निघताना पेट्रोल भरायला थांबलो. आईने मला गल्ल्यावरच्या मुलीला विचारायला लावलं, की बाहेरगावी कोणी विचारलं तर तू कुठली म्हणून सांगतेस. "टी ऑर सी," ती म्हणाली. आणि पूर्ण नाव कधी? तिने सुट्टे पैसे माझ्या हातावर मोजले. "फॉर्म भरताना. तेव्हाही शेवटची चार अक्षरं चौकटीच्या बाहेर जातात."